जेवढं पाणी, तेवढी जागा

फिशटँकमुळे घरात पाणी होतं ते काच फुटून क्वचितच. बहुतेक वेळा काच शाबूत असते, पंप ठणठणीत असतो, पाइपांचे जोडही पक्के असतात. मध्यरात्री वीज जाते, किंवा एखादी गोगलगाय पाइपाच्या तोंडात जाऊन अडकते, एवढंच निमित्त पुरतं. सकाळी सोफ्याखाली पाणी, कॅबिनेटचं प्लायवूड फुगलेलं आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल. अशा वेळी दोष पंपाला किंवा महावितरणला दिला जातो. खरा दोष मापांत असतो, आणि मापं टँक बनवायला टाकण्याआधी कागदावर दुरुस्त करता येतात.

हा प्रश्न येतो तो सम्प असलेल्या टँकना. मोठे अरोवाना, खाऱ्या पाण्यातले मासे आणि प्रवाळ, दाट पाणवनस्पती असं काही पाळणारे लोक दिसणाऱ्या टँकच्या खाली, कॅबिनेटच्या आत, दुसरा एक काचेचा टँक ठेवतात. तो सम्प. वरच्या टँकच्या एका बाजूला काचेचा उभा बॉक्स असतो आणि त्याच्या कडेला दातेरी फट असते. हा त्या टँकचा सांडवा. त्यावरून पाणी बॉक्समध्ये पडतं, पाइपाने सम्पमध्ये उतरतं, तिथे गाळलं जातं आणि शेवटच्या कप्प्यातला रिटर्न पंप ते पुन्हा वर पाठवतो. पाणी वरून घेतलं जात असल्यामुळे पृष्ठभागावरचा तेलकट थर निघून जातो, हीटर आणि स्किमर नजरेआड राहतात आणि एकूण पाणी वाढल्यामुळे माशांना स्थिर वातावरण मिळतं. मोठा टँक ठेवणाऱ्याने सम्प जरूर करावा.

या व्यवस्थेचा एक नियम पक्का लक्षात ठेवायचा. पंप पाणी तयार करत नाही आणि सांडवाही नाही. दोन पेट्यांमध्ये मिळून जेवढं पाणी आहे तेवढंच राहतं. ते फक्त वरून खाली आणि खालून वर फिरतं. घरात पूर येतो तेव्हा एवढंच झालेलं असतं, की एका पेटीतलं पाणी दुसरीत गेलं आणि तिथे त्याला जागा नव्हती. म्हणून दोनच प्रश्न विचारायचे. पंप थांबला तर खाली किती पाणी येईल? आणि निचरा तुंबला तर वर किती पाणी जाईल? दोन्ही उत्तरांएवढी जागा त्या-त्या पेटीत मोकळी असेल, तर कुठलाही व्हॉल्व्ह, सेन्सर किंवा जागा माणूस नसतानाही घर कोरडं राहतं.

वीज गेली तर

एक नेहमीच्या मापाचा टँक घेऊ: लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी ४५, उंची ५०. काचेची जाडी सोडून दिली तर त्यातला एक सेंटिमीटर उंचीचा थर म्हणजे ५.४ लिटर पाणी. खालचा सम्प ९० लांब, ३५ रुंद, ४० उंच. त्यातला एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ३.१५ लिटर. वरच्या टँकमध्ये एक सेंटिमीटर उतरलेलं पाणी सम्पमध्ये पावणेदोन सेंटिमीटर चढतं, हे प्रमाण सुरुवातीलाच ध्यानात घ्यावं.

पंप चालू असताना पाण्याची पातळी सांडव्याच्या कडेपेक्षा थोडी वर असते. समजा दोन सेंटिमीटर. पंप थांबला की तेवढं पाणी उतरणारच. सांडव्यावाटे यापेक्षा जास्त येऊ शकत नाही, कारण पाणी कडेखाली गेलं की त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. अनेकांचा हिशेब इथेच संपतो, आणि धोका नेमका पुढे आहे. पंपाकडून वर जाणाऱ्या पाइपाचं तोंड, म्हणजे रिटर्न नोझल, पाण्यात बुडालेलं असतं. पंप बंद पडला की तोच पाइप उलटा चालू लागतो. थांबलेला पंप पाणी अडवत नाही. त्याच्या पंख्यातून पाणी सहज मागे जातं. पाइपात सायफन तयार होतो आणि नोझलचं तोंड उघडं पडून त्यात हवा शिरेपर्यंत तो वरचा टँक उपसत राहतो.

नोझल चालू पातळीच्या तीन सेंटिमीटर खाली असेल तर १६.२ लिटर पाणी खाली येईल. सांडव्याच्या बॉक्समध्ये साठलेलं पाणीही उतरेल: ३० बाय १० सेंटिमीटरच्या बॉक्समध्ये पातळी २५ सेंटिमीटर पडली तर साडेसात लिटर. पाइपातलं लिटर-दीड लिटर धरून एकूण २५ लिटर. सम्पमध्ये त्याने आठ सेंटिमीटर पाणी चढेल. चालू असताना सम्पची पातळी २८ वर ठेवली असेल तर ती ३६ वर जाऊन थांबेल आणि चार सेंटिमीटर शिल्लक राहतील. स्किमर, दगड, स्पंज यांनी व्यापलेली जागा वजा करायला मात्र विसरू नये.

आता तेच नोझल ‘खालपर्यंत पाणी फिरावं’ म्हणून २० सेंटिमीटर खोल लावलं असं धरू. टँकमधून १०८ लिटर आणि बॉक्स-पाइपांतून नऊ, असे ११७ लिटर खाली येतील. सम्पमध्ये जागा आहे ३८ लिटरची. उरलेले ७९ लिटर फरशीवर. पंप, टँक, सम्प सगळं तेच; फरक एका एल्बोच्या उंचीचा.

यावर उपाय म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला जातो, किंवा नोझलच्या जरा वर पाइपाला बारीक छिद्र पाडलं जातं, म्हणजे पाणी तिथवर उतरताच हवा शिरून सायफन तुटेल. दोन्हीला आक्षेप नाही, पण दोन्हींवर हिशेब बेतू नये. व्हॉल्व्हच्या पडद्यावर चुन्याचा थर बसतो, वाळूचा कण किंवा गोगलगाईचं पिल्लू अडकतं आणि तो पूर्ण मिटत नाही. छिद्र शेवाळाने बुजतं; खाऱ्या पाण्यात मिठाच्या थराने. आकडेमोड करताना व्हॉल्व्ह नाहीच आणि छिद्र बुजलेलंच आहे असं धरायचं. नोझल पृष्ठभागाजवळ ठेवलं तर सायफन तोडण्याचं काम गुरुत्वाकर्षण आणि हवा करतात, आणि ती कधी तुंबत नाहीत. खालपर्यंत पाणी खेळवण्यासाठी वेगळा वेव्हमेकर लावावा.

इन्व्हर्टर हेही पुरापासूनचं संरक्षण नव्हे. बॅटरी संपली की पंप थांबतोच; वीज जाण्याची वेळ फक्त पुढे ढकलली जाते. इन्व्हर्टरवर सगळ्यात आधी हवेचा पंप घ्यावा, कारण वीज नसताना माशांना पहिली गरज प्राणवायूची असते.

निचरा तुंबला तर

दुसरा प्रसंग उलट दिशेचा आहे आणि जास्त वेगवान. ताशी २,००० लिटरचा पंप मिनिटाला ३३ लिटर वर चढवतो. खोक्यावरचा आकडा पाणी उंच चढवायचं नसतानाचा असतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी धरा. तरी निचऱ्याचा पाइप पूर्ण बंद झाला, तर आपल्या टँकमधली चालू पातळीपासून कडेपर्यंतची तीन सेंटिमीटर जागा, म्हणजे १६ लिटर, अर्ध्या-पाऊण मिनिटात भरते. एवढ्या वेळात कुणी धावत येईल यावर भिस्त ठेवता येत नाही.

इथे वाचवतो तो सम्पमधला कप्पा. सम्पमध्ये काचेच्या आडव्या पट्ट्या लावून कप्पे केले, की आधीच्या कप्प्यांतलं पाणी पट्टीच्या उंचीला अडून राहतं आणि पंप फक्त शेवटचा कप्पा उपसू शकतो. तो कप्पा २० सेंटिमीटर लांब आणि ३५ रुंद असेल, चालू पातळी २२ असेल आणि पंप पाच सेंटिमीटरवर हवा ओढू लागत असेल, तर वर जाणारं पाणी जवळजवळ १२ लिटर. वरच्या १६ लिटरच्या जागेत ते मावतं. पंप कोरडा पडून घरघरेल, फार वेळ तसाच राहिला तर जळेलही, पण फरशी कोरडी राहील.

कप्पा ४० सेंटिमीटर लांब केला तर तेच पाणी २४ लिटर होतं आणि आठ लिटर कडेवरून वाहतात. पट्ट्याच नसलेल्या सम्पमधून ७० लिटरांहून जास्त वर जाऊ शकतात. म्हणून रिटर्न कप्पा गरजेपुरताच असावा. मोठा ठेवला तर बाष्पीभवनाची भरपाई कमी वेळा करावी लागते हे खरं, पण त्या सोयीची किंमत अशी मोजावी लागते.

टँक समतळ आहे की नाही हेही इथेच पाहायचं. एक कोपरा सेंटिमीटरभर खाली असेल तर आपल्या तीन सेंटिमीटरांतून तिथे दोनच उरतात, आणि पाणी सगळ्यात खालच्या कोपऱ्यातूनच सांडतं. गवंडी वापरतात ती लेव्हल ट्यूब कॅबिनेटच्या चारही टोकांना लावून घ्यावी, आणि मग टँक ठेवावा.

एक पाइप पुरत नाही

जागेचा हिशेब जमला की मग निचऱ्याच्या पाइपांकडे वळायचं. जगभरच्या हौशी पाळणाऱ्यांनी यावर बरंच डोकं चालवलं आहे आणि त्यातून काही रचना रूढ झाल्या आहेत. एकाच पाइपाची ‘डर्सो’ रचना साधी आहे. उभ्या पाइपाच्या टोकाला खाली वळलेलं तोंड आणि माथ्यावर हवेचं छिद्र, म्हणजे पाणी गुळगुळ आवाज न करता उतरतं. पण त्यात पाइप एकच असल्यामुळे तो तुंबला की दुसरी वाट नाही.

‘हर्बी’ रचनेत दोन पाइप असतात. पहिला पूर्ण पाण्याने भरून, सायफनने चालतो. त्यावर गेट व्हॉल्व्ह लावून तो इतका आवळतात, की पंपाएवढंच पाणी त्यातून जावं आणि हवा शिरू नये. हवा नाही म्हणून आवाजही नाही. शिवाय भरलेला पाइप त्याच मापाच्या उघड्या पाइपापेक्षा कितीतरी जास्त पाणी नेतो. दुसरा पाइप थोडा उंच, कोरडा, फक्त संकटासाठी.

‘बीनअ‍ॅनिमल’ या रचनेत तीन पाइप असतात, आणि घरगुती टँकसाठी मला हीच सर्वांत भरवशाची वाटते. पहिला भरलेला सायफन बहुतेक सगळं पाणी नेतो. दुसरा उघडा पाइप पातळीतला किरकोळ चढउतार सांभाळतो. त्याच्या माथ्याला हवेची बारीक नळी जोडलेली असते आणि नळीचं दुसरं तोंड चालू पातळीच्या किंचित वर धरलेलं असतं. पहिला पाइप तुंबला की पातळी चढते, नळीचं तोंड बुडतं, हवा बंद होते आणि दुसरा पाइपही सायफन होऊन पूर्ण क्षमतेने वाहू लागतो. तोही चुकला तर तिसरा, कोरडा पाइप आहेच. यात एकही तार, सेन्सर किंवा स्प्रिंग नाही. पाण्याची पातळीच स्वतः निर्णय घेते.

या रचना करताना तीन पथ्यं पाळावीत. संकटाच्या पाइपावर कधीही व्हॉल्व्ह नको, आणि पंपाचं सगळं पाणी त्याला एकट्याला नेता आलं पाहिजे. त्याचं खालचं तोंड सम्पच्या पाण्याच्या वर राहू द्यावं, म्हणजे पाणी त्यातून येऊ लागताच धो धो आवाज होईल आणि घरच्यांना कळेल. सायफनच्या पाइपाचं खालचं तोंड मात्र दोन-तीन सेंटिमीटरच बुडालेलं असावं. जास्त खोल गेलं तर वीज परतल्यावर पाइपातली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन पुन्हा धरत नाही.

बाहेरून लटकवलेला सांडवा

काचेला छिद्र पाडायचं नाही म्हणून काही जण टँकच्या कडेवर बॉक्स लटकवतात आणि उलट्या ‘यू’ आकाराच्या नळीने पाणी बाहेर घेतात. सगळा भार त्या नळीतल्या सायफनवर. सायफनचं वागणं समजून घ्यायला पितळेचा वसुदेवाचा पेला आठवावा. पेल्यात बाळकृष्णाला घेऊन उभा असलेला वसुदेव. पाणी कृष्णाच्या पायाला लागलं की पेला तळातून आपोआप रिकामा होऊ लागतो. मूर्तीच्या आत वाकडी नळी लपवलेली असते. पाणी तिच्या वळणाच्या वर चढलं की ओढ सुरू होते आणि नळीत हवा शिरली की संपते. पण तिथे दर वेळी पाणी ओतणारा हात असतो आणि पाणी वळणाच्या वर चढतंच. लटकवलेल्या बॉक्समधली नळी मात्र टँकच्या कडेवरून गेलेली असते. तिच्यात एकदा हवा भरली तर पाण्याला त्या वळणाच्या वर चढण्याआधी कडेवरून सांडावं लागतं.

ही हवा दोन वाटांनी येते. प्रवाह मंद असेल तर पाण्यातले बुडबुडे वाहून जात नाहीत; ते नळीच्या माथ्याशी साठत जातात आणि एक दिवस धार तुटते. किंवा वीज गेल्यावर नळीचं एखादं टोक उघडं पडतं, आणि वीज परतल्यावर पंप जोमाने सुरू होतो पण सायफन नाही. आपल्याकडे पावसाळ्यात वीज एका रात्रीत चार वेळा येते-जाते. प्रत्येक वेळी ही परीक्षा नव्याने असते. माथ्याची हवा ओढण्यासाठी छोटा पंप जोडतात, पण मग सगळं घर त्या छोट्या पंपाच्या भरवशावर राहतं. अशी व्यवस्था आधीच असेल तर निदान दोन स्वतंत्र नळ्या लावाव्यात आणि रिटर्न कप्प्याचं गणित कसोशीने पाळावं.

नवा टँक बनवत असाल तर कारागिराकडून पाणी भरण्याआधीच छिद्रं पाडून घ्यावीत. साध्या काचेला डायमंड होलसॉने, वर पाणी सोडत, व्यवस्थित छिद्र पडतं. टफन्ड काचेला पाडायला गेलं तर सगळी काच चुरा होते; तयार टँकचा तळ पुष्कळदा टफन्ड असतो, म्हणून आधी विचारून खात्री करावी.

नवं पाणी येतं तिथे

दोन पेट्यांतलं पाणी तेवढंच राहतं हा नियम एकाच ठिकाणी मोडतो: आपण बाहेरून पाणी घालतो तिथे. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी आपोआप भरणारी ऑटो टॉप-ऑफ व्यवस्था सोयीची असते, पण तिचा तरंगता स्विच गोगलगाईने किंवा चिकट शेवाळाने खालीच अडकून राहू शकतो. मग ती डबा रिकामा होईपर्यंत पाणी घालत राहते. खाऱ्या टँकमध्ये त्याने क्षारता उतरते, ते नुकसान वेगळंच.

इथेही उत्तर जागेतच आहे. आपल्या सम्पमधल्या ३८ लिटर मोकळ्या जागेपैकी २५ लिटर वीज जाण्यासाठी राखून ठेवले आहेत. उरतात १३. म्हणून भरपाईच्या पाण्याचा डबा १० लिटरचा असावा. २० लिटरचा पाण्याचा जार तिथे जोडू नये. दोन स्विच आणि वेळेची मर्यादा ही त्यावरची जादा काळजी. डब्यातून येणाऱ्या नळीचं टोक पाण्यात बुडू देऊ नये, नाहीतर तिथेही सायफन लागतो. आरओ फिल्टर किंवा इमारतीचा नळ सम्पला थेट जोडणं टाळावं. नळाच्या मागे सगळ्या सोसायटीची टाकी असते. तेवढी जागा कुठल्याच सम्पमध्ये नसते.

पाणी बदलताना तर याहून साधी गोष्ट घडते. ठरावीक वेळी पाणी येणाऱ्या घरात कोरडा नळ उघडा राहतो, पाइप टँकमध्ये तसाच असतो आणि पहाटे पाणी येतं. क्लोरीन असलेलं ते पाणी घर भिजवतं आणि मासेही मारतं. पाइप टँकमध्ये असेपर्यंत तिथून हलायचं नाही, हा नियम लहानमोठ्या सगळ्यांनी पाळावा.

तुंबणं, वीज आणि चाचणी

सांडव्याच्या दातऱ्यात काय अडकतं ते टँकमध्ये काय आहे त्यावर ठरतं. पाणवनस्पतींच्या टँकमध्ये वॅलिस्नेरियाची तुटलेली लांब पानं, खाऱ्या टँकमध्ये जागा सोडून भटकणारा अ‍ॅनिमोन, कुठेही गोगलगाय किंवा मेलेला मासा. दातेरी फट जितकी लांब, तितकी ती पूर्ण बंद होण्याची शक्यता कमी. दातरे आणि पाइपाच्या तोंडाची जाळी दर पाणीबदलाला ब्रशने साफ करावी.

विजेची काळजी वेगळी घ्यायची. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोलावरून टपकतं. एक्स्टेन्शन बोर्ड कॅबिनेटच्या तळाशी ठेवू नये. तो बाजूच्या फळीवर उंच लावावा. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं. गच्चीवरच्या टाकीला लावतात तो पाणी भरल्याचा बझर इथेही उपयोगी पडतो: त्याचं टोक चालू पातळीच्या सेंटिमीटरभर वर धरा. खाऱ्या पाण्यात त्याचे धातूचे काटे गंजतात, म्हणून अधूनमधून वाजवून पाहावा.

मासे सोडण्याआधी, साध्या पाण्यावर, सगळे अपघात स्वतः घडवून पाहावेत. पंप बंद करा आणि सम्पची पातळी कुठे थांबते ते बघा. ती काठाजवळ गेली तर पाणी काढा, पुन्हा चालू करा, आणि सुरक्षित चालू पातळीवर बाहेरून टेपची पट्टी लावा. त्या रेषेवर पाणी कधीच भरायचं नाही. पंप पुन:पुन्हा बंद-चालू करून सायफन दर वेळी धरतो का ते पाहा. मग मुख्य पाइपाचं तोंड बंद करा, नंतर दुसऱ्याचंही, आणि संकटाचा पाइप एकटा पंपाला पुरतो का ते तपासा. शेवटी सगळे पाइप बंद करून, बटणावर हात ठेवून, पंपाचा कप्पा रिकामा होईपर्यंत थांबा. पंप बदलला, नोझल हलवलं किंवा सम्पमध्ये नवं काही ठेवलं की ही चाचणी पुन्हा करावी, कारण बेरीज बदललेली असते.

एवढं झाल्यावर कॅबिनेटच्या दाराला आतून दोन ओळी लिहून चिकटवाव्यात: ‘वरून पाणी सांडलं तर पंपाचं बटण बंद करा. वीज गेल्यावर खालून सांडलं तर वरचं नोझल पाण्याबाहेर काढा.’ आपण गावाला गेल्यावर घरी आई-वडील असतात, शेजारी किल्ली घेऊन माशांना खाणं घालायला येतात. त्यांना सायफन माहीत असण्याची गरज नाही. ज्यांनी टँक मांडला त्यांनी तो अशा मापांचा करायला हवा, की या दोन ओळी कुणालाच वाचाव्या लागू नयेत. आपण माशांना त्या काचेत आणलं, आणि घरच्यांना व खालच्या शेजाऱ्यांना न विचारता त्या पाण्याखाली राहायला लावलं. कागदावरच्या दोन बेरजा आणि दोन वजाबाक्या त्यांच्यासाठी करायच्या, आणि त्या जमल्याशिवाय कारागिराला काच कापायला सांगायची नाही.